सासूबाईंचा शास्त्रपाठ

माझ्या सासूबाईंना शास्त्र तोंडपाठ होतं, आणि घोडं नेमकं तिथंच अडलं होतं.

तोंडपाठ म्हणजे किती, तर आमच्या चर्चचे पाळकसाहेब नवीन बदलून आले तेव्हा उपदेश करता करता एका वचनात गडबडले. आई खाली सतरंजीवर बसल्या होत्या. तिथूनच बोलल्या, "साहेब, त्याच्या आदी दुसरं हाय," आणि ते दुसरं म्हणूनही टाकलं. पाळकसाहेबांनी चष्मा वर करून बायबलचं पान पाहिलं आणि "आजी बरोबर आहेत" म्हणत पुढं गेले बिचारे. पण ह्याच बाईंना किराणा दुकानावरची पाटी वाचता येत नव्हती. लहानपणी शाळेच्या वेळात त्या शेळ्यांमागं असायच्या. शास्त्र शिकल्या ते कानांनी. आधी वडलांच्या तोंडून, लग्नानंतर नवऱ्याच्या, आणि ते प्रभूकडं गेल्यावर माझ्या नवऱ्याच्या. संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत कुणीतरी वाचायचं आणि त्या ऐकायच्या. सगळं आयुष्य असं दुसऱ्याच्या तोंडाकडं बघण्यात गेलं.

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. नगरला नेऊन आधी एक, मग दुसरा डोळा केला. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली, तशी त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगं बाई! तुझं केस कवा पिकलं?"

"तुमच्याच घरात पिकले," मी म्हटलं. डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी पथ्य सांगितलं. चुलीचा धूर नको, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. आता ज्या बाईनं जन्मात रिकामं बसणं पाहिलं नाही, तिला हे सांगणं म्हणजे शिक्षाच की! घरी आल्या त्या दारात खुर्ची टाकून माझ्या भाकरीच्या कडा मोजायला लागल्या. जाड झाली, करपली, फुगली न्हाई. मी पारनेर तालुक्यातल्या आमच्याच गावच्या प्राथमिक शाळेत शिकवते, पहिलीचा वर्ग माझ्याकडं असतो. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून घरी यावं, तर इथं ही तपासणी. मी एकदा चिडून म्हटलं, "आई, टीव्ही लावून देऊ का?"

"टीव्ही बघाया व्हय देवानं डोळं परत दिलं?" त्या म्हणाल्या. "त्येनं दिलं ते कायतरी कामाला दिलं असनार. मला वाचाया शिकीव. माझं मी शास्त्र वाचनार. आनि एकदा, एकदाच, चर्चमदी पुडं हुभं ऱ्हाऊन शास्त्रपाठ वाचायचाय मला."

मी हसले नाही, खरं सांगते. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी उपदेशाच्या आधी मंडळीतलं कुणीतरी पुढं जाऊन शास्त्रातला एक भाग वाचतं. शाळकरी पोरं वाचतात, नवीन लग्न होऊन आलेल्या सुना वाचतात. आई तेवढ्या कधी गेल्या नव्हत्या, आणि त्यांना ते लागत असेल असं आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. "शिकवते की," मी म्हटलं. पहिलीच्या पोरांना वाचायला लावायचं म्हणजे माझा हातखंडा, त्यामुळं मी जरा ताठ्यातच होते.

ताठा लवकर उतरला. अक्षरओळख झाली, बाराखडी झाली, आणि मी हौसेनं शास्त्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. वाटलं, ओळखीचं वाचायला सोपं जाईल. त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं, तो कसाबसा जुळवला, आणि झालं! पुढचा अख्खा अध्याय घडाघडा म्हणून मोकळ्या. बोट अजून पहिल्याच ओळीवर.

"आई, हे वाचणं नाही. हे म्हणणं आहे."

"पन बरुबर हाय ना?"

"बरोबर आहे हो, तेच तर..."

मी एका पुठ्ठ्याला खिडकी कापली, एका वेळी एकच शब्द दिसेल अशी. त्यांनी खिडकीतला शब्द पाहिला आणि झाकलेले सगळे म्हणून दाखवले. मग मी डोकं चालवलं. म्हटलं, ओळीच्या शेवटून सुरुवात करा, शेवटचा शब्द आधी, म्हणजे पाठांतराची गाडी चालणारच नाही. त्यांनी शास्त्र फटकन मिटलं आणि छातीशी धरलं.

"देवाचा शब्द उलटा वाचाया लावतीस व्हय गं? मास्तरीन हायेस का कोन हायेस?"

आमचे हे नागापूरच्या एमआयडीसीत फिटर आहेत. पाळी संपवून आले होते, चहा पीत बसले होते. त्यांना इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. "चालू द्या तुमचं," म्हणाले, "आई शिकेल, पण तू टिकतेस का बघ." मी त्यांच्याशी त्या दिवशी बोललेच नाही.

अशात आमच्या स्त्री मंडळाचा रविवार आला. वर्षातून एकदा त्या दिवशी सगळी उपासना बायका चालवतात. बायकांनीच आईंचं नाव सुचवलं. शास्त्रपाठ आजी वाचतील, मेंढपाळाचं स्तोत्र. ते तर त्यांच्या रक्तातच होतं. मला धाकधूक होती, पण त्यांच्या तोंडावरचं तेज बघून मी गप्प बसले. ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून त्या पुढं गेल्या, पुलपिटावरचं, म्हणजे उपदेशाच्या उंच मेजावरचं, मोठं शास्त्र उघडलं, बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. काय तो आवाज! मागच्या भिंतीपर्यंत खणखणीत. माझे डोळे भरून आले.

आमच्या मंडळीचे सेक्रेटरी म्हणजे माझे चुलत दीर. ते माइक वर करायला पुढं गेले आणि त्यांची नजर पानावर पडली. खुणेची फीत सरकली होती. आईंनी उघडलं होतं ते शास्त्राच्या शेवटचं रंगीत नकाशाचं पान.

"काकू," भावजी म्हणाले, "अहो, बोट समुद्रावर आहे तुमचं!"

माइक चालू होता. सगळं चर्च हसलं. पोरं हसली, म्हातारे हसले, स्त्री मंडळाच्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. आईंनी शास्त्र मिटलं, सावकाश खाली आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. उपासना सुटल्या सुटल्या मी भावजींना दारातच गाठलं.

"सत्तरी ओलांडलेल्या बाईला असं चारचौघांत बोलतात?"

"वहिनी, मी काय खोटं बोललो?" ते म्हणाले. "वाचन म्हणजे वाचन. उद्या कुणीही यावं नि पाठ म्हणावं, मग पुस्तक कशाला उघडायचं?"

म्हणणं खरं होतं, म्हणून राग आणखीच वाढला. घरी आल्यावर आईंनी पाटी आणि पेन्सिल माझ्या शाळेच्या पिशवीत परत ठेवून दिली. वाचनाचं नाव नाही. जेवण नीट नाही. मला वाटलं, संपलं. मनात आलं, ह्या वयात कशाला हा अट्टहास, देव काय अक्षरं बघून माणसाला जवळ घेतो का? पण त्यांचा उतरलेला चेहरा बघितला की तेही समाधान टिकायचं नाही.

मग एका सकाळी प्रार्थना करून उठल्या आणि सरळ माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"हसली मानसं, ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "देवाफुडं मी वाचायचं सोंग केलं. त्येला सोंग नगं हुतं. आता खरं शिकीव मला."

मी कणीक तिंबत होते. तशीच उठले आणि पिठाच्या हातांनी शास्त्र कपाटात ठेवून कुलूप लावलं. "मग हे आता बंद," मी म्हटलं. "आधी बाकीचं जग वाचायचं." आई कपाटाकडं बघत राहिल्या. शास्त्राबिगर कसलं शिकणं, हे त्यांना पटत नव्हतं, पण ह्या वेळी वाद घातला नाही.

आणि मग आमच्या घरात जे वाचन सुरू झालं, काय सांगू! चहाचा पुडा, मिठाची पिशवी, कांद्याच्या बियाण्याचं पाकीट, वीजबिल, औषधाची बाटली. आईंना ह्यातलं काहीच पाठ नव्हतं, त्यामुळं प्रत्येक शब्दाशी कुस्ती. शेजारच्या शेतकऱ्याच्या घरची लग्नपत्रिका आली. ती घेऊन त्या दुपारभर ओट्यावर बसल्या, आणि संध्याकाळी शेजारीण आली तेव्हा तिलाच तिच्या सगळ्या नणंदा-जावांची नावं वाचून दाखवली. "मावशी, तुमी तर लई साहेब झाल्या की!" ती म्हणाली. आईंनी नुसती मान हलवली, पण रात्री भाकरी एक जास्त खाल्ली.

तरी मला खात्री नव्हती. पहिलीतली पोरंही चित्र बघून शब्द ओळखतात आणि वाचल्याचा आव आणतात, ते मला ठाऊक आहे. खात्री पटली ती पारनेरच्या एसटी स्टँडवर. डोळे तपासायला नगरला निघालो होतो. आईंना जायचं माहीत होतं कुठं, म्हणून एसटीच्या पाटीकडं बघून आधी सवयीनं "अहमदनगर" म्हणाल्या. मग थांबल्या. डोळे बारीक केले. पुन्हा बोट हवेत धरून एकेक अक्षर लावलं. "ह्यात 'म' न्हाई गं. अ... हि... ल्या... अहिल्यानगर! नाव बदललं ते हेच व्हय?" बाजूचा कंडक्टर म्हणाला, "आजी, आमचं तोंड अजून जुनंच नाव घेतं, तुमी बरं वाचलं." मला त्या स्टँडवर, त्या धुरात, टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. डोळ्यांनी त्यांच्या सवयीला पकडलं होतं. नगरभर त्या दिवशी एक पाटी सोडली नाही बाईंनी. दातांचा दवाखाना, टायरचं दुकान, "येथे थुंकू नये". रिक्षावाला कंटाळला, मी नाही.

त्याच सुमारास आमच्या चर्चचं कंपाउंड पडलं होतं. पावसानं मागची सगळी भिंत आडवी झाली होती, गुरं आत शिरायची. कंत्राटदार बोलवायचा नाही, आपणच बांधायची असं ठरलं. एकेका घरानं एकेक तुकडा घेतला. एमआयडीसीतली पोरं सुट्टीच्या दिवशी यायची, शेतावरची माणसं सकाळी तासभर येऊन जायची. आमचे हे आणि भावजी शेजारी शेजारी दगड लावायचे. आईंना ओझं उचलायची बंदी, म्हणून त्या सावलीत बसून सिमेंटच्या गोण्यांवरचं वाचायच्या. मोठ्यानं. भावजी हातातला दगड तसाच धरून ऐकायचे.

भिंत पुरी झाली आणि उपकारस्तुतीचा रविवार ठरला. मी कमिटीपुढं गेले. "त्या दिवशीचा शास्त्रपाठ आई वाचणार."

भावजींनी डोकं खाजवलं. "वहिनी, माझा विरोध नाही. पण पुन्हा हसं झालं तर काकू चर्चला यायच्या बंद होतील. कुणी पेलायचं ते?"

"मी पेलीन," मी म्हटलं. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या पुन्हा पडल्या असत्या तर उठल्या नसत्या. म्हणून मी आपली पाळकसाहेबांशी बोलून सोय करून ठेवली. आईंना पुरतं पाठ असलेलं एक उपकारस्तुतीचं स्तोत्र निवडलं. वाचता आलं तर सोन्याहून पिवळं, अडलं तर पाठांतर आहेच. फीतसुद्धा मी स्वतः घालून आले, दोनदा बघून.

त्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. कामानिमित्त बाहेर गेलेली घरंसुद्धा आली होती. पाळकसाहेबांनी आईंचं नाव घेतलं. आई उठल्या, पुढं गेल्या, चष्मा लावला, फितीचं पान उघडलं. ओळीवर बोट ठेवलं. आणि थांबल्या.

माझा जीव खालीवर.

आईंनी फीत बाहेर काढली. वळून पाळकसाहेबांकडं बघितलं. "साहेब, हे मला पाठ हाय," त्या माइकमध्येच म्हणाल्या. "मी हे म्हनलं तर वाचलं का म्हनलं, कुनाला कळनार? मलाबी कळायचं न्हाई. मला दुसरं द्या. ह्या मंडळीत कुनालाच पाठ न्हाई असं काडून द्या."

अरे देवा! मी डोळे मिटून घेतले. ह्यांनी माझा हात धरला. पाळकसाहेब गोंधळले, पानं उलटायला लागले. तेवढ्यात भावजी जागेवरून उठले.

"तो कोट बांधल्याचा भाग द्या, साहेब," ते म्हणाले. "भिंतीचाच दिवस आहे आज."

कुणीतरी मागून "अरे बापरे" म्हणालं. जुन्या करारातला तो भाग म्हणजे यरुशलेम शहराचा पडलेला कोट कुणी कुणी बांधला त्यांची नावं, नावं आणि नावं. परदेशी, जोडाक्षरांची, जीभ वाकडी करणारी. वेशी, बुरूज, कुणी कुठला तुकडा लावला ते. आमच्याकडं तो भाग कुणी वाचायला घेत नाही. भावजींनी स्वतः एकदा घेतला होता आणि निम्म्यातून "इत्यादी" म्हणून खाली बसले होते. मी त्यांच्याकडं असं बघितलं, की दगडाला तडा जावा. पण त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. ते उभेच राहिले.

पाळकसाहेबांनी पान काढून दिलं. आईंनी बोट ठेवलं.

पहिलं नाव त्यांनी तीनदा जुळवलं आणि चौथ्यांदा सरळ म्हटलं. मग दुसरं. एकेक अक्षर, मग शब्द, मग पुढचा शब्द. तो खणखणीत आवाज नव्हता, पोरगी पहिल्यांदा पोहायला शिकते तसा दमलेला, धापा टाकणारा आवाज होता. एका नावाशी त्या इतक्या वेळ अडल्या की पाळकसाहेबांनी सांगायला तोंड उघडलं. आईंनी त्यांना हातानं थांबवलं. "सांगू नगा." आणि ते नाव त्यांनी स्वतः फोडून काढलं. पुढची माणसं आता वाकून ऐकत होती. हा ह्या वेशीपासून, तो त्याच्या घरासमोरचा तुकडा. सोनार होते त्यात, अत्तरं करणारे होते, कुणी गवंडी नव्हतं. मी हा भाग आजवर पानं उलटून टाळला होता, आणि आता ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं आमचंच कंपाउंड येत होतं. फिटर, शेतकरी, मास्तर, ज्याला जो तुकडा मिळाला तो त्यानं लावलेला. देवानं आपल्याकडून काय मागितलं असेल ह्याचा मी किती वर्षं मोठा विचार करत आले, आणि तिथं लिहिलं होतं ते इतकंच, की आपल्या दारासमोरचं बांधा.

ओळीमागून ओळ गेली. आणि मधेच आई पुन्हा थांबल्या.

ह्या वेळी कुठलंही अवघड नाव नव्हतं. आताच वाचलेले शब्द तर साधेच होते. मला वाटलं, दमल्या, संपलं. त्यांनी बोट मागं नेलं, ओळ पहिल्यापासून वाचली. कुणी एक अधिकारी होता, त्यानं त्याचा तुकडा बांधला, त्यानं आणि त्याच्या मुलींनी. आईंनी तो शब्द पुन्हा वाचला. मग चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्या चर्चकडं बघितलं.

"साहेब, पोरींनी बांधली व्हय ही भित?"

"हो, आजी," पाळकसाहेब म्हणाले. "तसंच लिहिलंय."

"देवाच्या घराच्या गावाचा कोट, आनि पोरींनी दगूड लावलं?" त्यांचा आवाज चढत चालला होता. "माझ्या बापानं मला शास्त्र ऐकीवलं, नवऱ्यानं ऐकीवलं, ल्योकानं ऐकीवलं. अख्खं शास्त्र मला पाठ हाय म्हनून मी मिरीवलं. आनि हे मला आजवर एकानंबी सांगितलं न्हाई!"

बायकांच्या बाजूनं असा काही हशा आणि टाळ्या उसळल्या, की बाहेर खेळणारी लहान पोरं दारात येऊन उभी राहिली. कुणी "हालेलुया" ओरडलं. मी रडत होते आणि ओरडत होते, दोन्ही एकदम. आमचे हे मान खाली घालून कान पकडून बसले होते. भावजी अजून उभे होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या तेच वाजवत होते, डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता त्यांचा.

आईंनी चष्मा खाली घेतला आणि पुलपिटावर हाताचा तळवा आपटला.

"गप बसा की समदी!" त्या म्हणाल्या. "लई हाय अजून फुडं. मला वाचू द्या."